दावणीपासून बंदिस्त प्रयोगशाळेपर्यंत: जनावरांच्या साथरोगांवर काम करणारे विद्यार्थी सोलापुरात कसे तयार करावेत

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या वर्गात विचारून बघा, घरी दावण असलेली पोरं निघतातच. कुणाकडे पंढरपुरी म्हैस, कुणाकडे खिलारची जोडी, सांगोला-मंगळवेढ्याकडच्यांची शेरडं-मेंढरं. ही मुलं जनावराला बिचकत नाहीत. कोणतं जनावर आज खाल्लं नाही, कोणतं पाय झाडतंय, हे त्यांना लांबून कळतं. जनावरांच्या घातक साथरोगांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना अशी नजर असलेली माणसं हवीच असतात. पण शिस्तीत सगळ्यात जास्त घासून घ्यावी लागतात तीही हीच मुलं, कारण आतला विषाणू चुकून बाहेर आला तर त्याला आयती दावण मिळते ती त्यांच्याच घरी.

हा लेख कॉलेजातल्या शिक्षकांसाठी आहे आणि या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही. उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतलं प्रत्यक्ष प्रशिक्षण ती संस्थाच देते, ते कॉलेजात देता येत नाही आणि द्यायचा प्रयत्नही करू नये. मात्र हाताला लागणाऱ्या सवयी इथं, साध्या प्रयोगशाळेत, अगदी कमी खर्चात लावता येतात.

कोंडायचं काय आणि कशासाठी

जैवसुरक्षेच्या चार पातळ्या असतात. दह्यातले जिवाणू पहिल्या पातळीवर हाताळले तरी चालतात. हवेतून पसरू शकणारे, माणसाला गंभीर आजार करणारे जंतू तिसऱ्या पातळीवर, आणि ज्यांच्यावर लस किंवा खात्रीचा उपचार नाही असे जीवघेणे विषाणू चौथ्या पातळीवर. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत चौथ्या पातळीची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. जनावरांच्या रोगांसाठी भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आणि भुवनेश्वरजवळची लाळ्या-खुरकुताची राष्ट्रीय संस्था ही दोन नावं विद्यार्थ्यांना पाठच हवीत. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा त्याचं निदान भोपाळच्याच प्रयोगशाळेनं पक्कं केलं होतं.

इथं एक गोष्ट मुलांच्या डोक्यात सुरुवातीलाच पक्की बसवा. माणसांच्या रोगांवर काम करताना पहिला प्रश्न असतो, ‘मला लागण होईल का?’ जनावरांच्या रोगांत त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो: ‘मी बाहेर काय घेऊन जातोय?’ लाळ्या-खुरकुताचा विषाणू माणसाला जवळपास काहीच करत नाही. तरी तो सर्वात कडक बंदोबस्तात ठेवतात. तो माणसाच्या नाकात दिवसभर टिकल्याची नोंद आहे. बुटांवर, केसांवर, कपड्यांवर तर बसतोच. मोठी जनावरं मोकळी ठेवून प्रयोग करायचे असतील तर सगळी खोलीच हवाबंद बांधावी लागते, कारण म्हैस काही काचेच्या कपाटात मावत नाही. आतली हवा गाळून बाहेर सोडतात, सांडपाणी शिजवून किंवा रसायनानं निर्जंतुक करून मगच सोडतात आणि माणूस बाहेर येतो तो डोक्यावरून अंघोळ करूनच.

सांडपाण्याची गोष्ट किरकोळ वाटली तर मुलांना २००७ सालची इंग्लंडमधली घटना सांगा. पिरब्राइटला लाळ्या-खुरकुतावर काम करणाऱ्या संस्था एकाच आवारात होत्या. ऑगस्टमध्ये जवळच्या शेतांवर रोग फुटला. जमिनीखालची जुनी सांडपाण्याची लाइन गळत होती, पावसानं विषाणू मातीत उतरला आणि ती माती बांधकामाच्या गाड्यांच्या चाकांना लागून बाहेर गेली, हाच मार्ग चौकशीत सगळ्यात संभाव्य ठरला. प्रयोग करणाऱ्यांचे हात स्वच्छ होते, पाइप फुटका होता. म्हणून विद्यार्थ्यानं स्वतःच्या टेबलापुरतं बघून भागत नाही. पाणी कुठं जातं, हवा कुठं जाते, कचरा कोण नेतो, हे त्यानं विचारलंच पाहिजे.

मुलं निवडताना

मार्कांवर जाऊ नका. मी तीन गोष्टी बघते. सांगितलेली कृती रोज त्याच क्रमानं करायचा कंटाळा येतो का. कुणी बघत नसतानाही हात धुतो का. आणि काही सांडलं, फुटलं तर स्वतःहून येऊन सांगतो का. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन असून उपयोग नाही. हुशार पण झाकाझाकी करणाऱ्या विद्यार्थ्याला या वाटेनं पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घरच्यांना बोलवा. हे टाळू नका. लाळ्या-खुरकुतासारख्या रोगावर काम केल्यानंतर गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरं यांच्याजवळ ठरावीक दिवस जायचं नसतं. किती दिवस ते संस्था ठरवते. किमान तीन, बऱ्याच ठिकाणी पाच ते सात. म्हणजे शनिवारी रात्रीच्या गाडीनं गावी येऊन सकाळी धार काढायची, हे बंद. बेंदराला बैलांच्या खांदेमळणीला हजर राहता येईलच असं नाही. कार्तिकीचा जनावरांचा बाजार, सिद्धेश्वराच्या गड्ड्यातला बाजार, तिथं ‘नुसतं बघायला’ जाणंही नाही. आई-वडिलांना आधीच समजावून सांगितलं तर ते साथ देतात. न सांगता पाठवलं तर पोरगं दोन्हीकडून पिचतं: तिकडं नियम, इकडं ‘म्हैस व्यायला झालीय आणि तू येत नाहीस’ असा फोन.

तब्येतीचंही आधीच बोलून घ्या. दमा, फिट येणं, बंद जागेची भीती, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगावं लागतं. रेबीजची आगाऊ लस घेऊन ठेवावी. रुजू होताना अनेक संस्था रक्ताचा नमुना घेऊन जपून ठेवतात, पुढं कधी संशय आला तर तुलना करता यावी म्हणून.

हाताचा सराव: रंगीत पाणी आणि चमकणारी शाई

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. जंतू दिसत नाहीत हीच खरी अडचण आहे, तेव्हा दिसेल असं काहीतरी वापरायचं.

पहिला सराव पिपेटचा. टेबलावर पांढरा टीपकागद अंथरा. बीकरमध्ये गडद रंगाचं पाणी घ्या आणि विद्यार्थ्याला ते एका नळीतून दुसऱ्या नळीत सलग न्यायला लावा. शेवटचा थेंब फुंकून काढायची सवय असेल तर कागदावर बारीक ठिपक्यांची रांग उमटते. तेच तुषार. खऱ्या कामात ते हवेत राहतात आणि श्वासात जातात. पिपेटचं टोक नळीच्या आतल्या भिंतीला टेकवून पाणी हळू सोडायचं, जोरात ढवळायचं नाही, नळीचं झाकण उघडताना ती तोंडापासून लांब धरायची. कागद कोरा राहीपर्यंत हेच. काही मुलांना आठवडा लागतो, काहींना महिना. घाई करू नका.

दुसरा सराव हातमोजे आणि गाऊन उतरवण्याचा. पिवळ्या हायलायटर पेनातली शाई पाण्यात कालवून मोज्यांवर आणि गाऊनच्या पुढच्या बाजूला चोळा. विद्यार्थ्याला नेहमीच्या पद्धतीनं सगळं उतरवू द्या. मग खोलीत अंधार करून नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी मारा. मनगटाची आतली बाजू, कानामागं, चष्म्याची दांडी, गळ्याजवळची बाही: ठरलेल्या जागा चमकतात. सहसा मोजा काढताना चिमटीत धरायच्या जागी उघडी बोटं लागलेली असतात, किंवा मास्क काढताना पुढून पकडलेला असतो. धुण्याच्या पावडरीचे अंशही या उजेडात चमकतात, त्यामुळे घरी धुतलेला ॲप्रन चालत नाही. एकदाच वापरून टाकायचा गाऊन घ्या. आणि ती बॅटरी कुणाच्या डोळ्यांत मारू देऊ नका.

तिसरा सराव सुरक्षा कपाटाचा. कॉलेजात ‘क्लास टू’ प्रकारचं जैवसुरक्षा कपाट, म्हणजे तोंडाशी हवा आत ओढून ती गाळणारं कपाट, असेल तर उत्तम. नसेल तर तेवढ्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून पुढं काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक लावा. यात जंतू अडवले जात नाहीत, पण हातांच्या हालचाली शिकता येतात. पंखा सुरू करून पाच मिनिटं थांबायचं. हात सरळ आत घालायचे, सरळ बाहेर काढायचे. आडवे फिरवले की हवेचा पडदा फाटतो. पुढच्या जाळीवर वही, हात, टीपकागद काही ठेवायचं नाही. स्वच्छ सामान एका बाजूला, मधे काम, वापरलेलं दुसऱ्या बाजूला, आणि हा क्रम उलटा करायचा नाही. आत बर्नर पेटवायचा नाही, ज्योतीनं हवेचा प्रवाह बिघडतो. एक उदबत्ती कपाटाच्या तोंडाशी धरून धूर आत कसा ओढला जातो आणि मागून कुणी झपाझप चालत गेलं की कसा विस्कटतो, हे प्रत्यक्ष दाखवा. खऱ्या कपाटाशी हे एकदा बघितलेलं मूल पुन्हा कुणाच्या मागून पळत नाही. लॅमिनार फ्लोचं यंत्र आणि हे कपाट एकच समजणारे खूप आहेत. लॅमिनार फ्लोतली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. त्यात आजारी जनावराचा नमुना कधीही उघडायचा नाही.

हे सगळे सराव रंगीत पाणी, दही किंवा यीस्टवर करा. नाल्यातलं, गोठ्यातलं, मेलेल्या कावळ्याचं काहीही ‘बघू काय वाढतंय’ म्हणून कॉलेजात वाढवायचं नाही.

मास्क, दाढी, मंगळसूत्र आणि उपवास

एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा. त्याची परीक्षा साधी आहे: मास्क घालून डोक्यावर आवरण घेतात, आत गोड किंवा कडू द्रावणाचा फवारा मारतात, चव लागली तर मास्क गळतोय. दाढी असेल तर तो गळणारच. मिशा राखा, पण मास्कच्या कडेखाली केस नकोत.

अंघोळ करूनच बाहेर पडायच्या प्रयोगशाळेत अंगावरचं सगळं आधी काढून लॉकरमध्ये ठेवावं लागतं. सगळं म्हणजे घड्याळ, अंगठी, कानातलं, जोडवी, मंगळसूत्र, मनगटातला गंडा, कमरेचा करगोटा. हे तिथं दारात पहिल्यांदा कळलं की मुलं गोंधळतात, घरी भांडणंही होतात. आधीच बोला. मुलींशी शिक्षिकेनं बोलावं. पाळीच्या दिवसांत आत जायचं की नाही, किती तासांनी बाहेर यायचं, हे मोकळेपणानं ठरवता आलं पाहिजे, कारण मधेच बाथरूमला जायचं म्हणजे सगळं उतरवून, अंघोळ करून बाहेर यायचं.

उपवासाच्या दिवशी आत जाऊ नये. पंढरपूरच्या जिल्ह्यात हे सांगणं सोपं नाही, पण एकादशी असो की नवरात्र, रिकाम्या पोटी मास्क आणि दोन थर कपड्यांत चक्कर येऊन पडलेला माणूस स्वतःला आणि त्याला उचलायला धावणाऱ्या जोडीदाराला धोक्यात घालतो. वेळापत्रक लावतानाच उपवासाचे दिवस मोकळे ठेवावेत.

आपल्याकडच्या उन्हाचा एक फायदा करून घ्या. एप्रिलमध्ये पारा बेचाळिशीच्या पुढं गेला की मुलांना गाऊन, दोन मोजे, मास्क, डोळ्यांवरचं आवरण घालून पंख्याखाली अर्धा तास फक्त लिखाणाचं काम द्या. शेवटच्या दहा मिनिटांतलं अक्षर आणि बेरजा तपासा. घामानं आणि दमणुकीनं माणूस कुठं चुकायला लागतो हे त्याचं त्यालाच कळतं. सोबत पाणी ठेवा, मळमळ किंवा डोकं दुखतंय म्हटलं की लगेच थांबवा.

जंतुनाशक: कोणतं, किती, किती वेळ

कोरोनानंतर सॅनिटायझर लावला की झालं, अशी समजूत पक्की झालीय. ती मोडावी लागते. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर नीट चालत नाही. पण तो आम्लाला आणि अल्कलीला कच्चा आहे: सामू (पीएच) ६ च्या खाली किंवा ९ च्या वर गेला की टिकत नाही. म्हणून ४ टक्के धुण्याचा सोडा किंवा सौम्य सायट्रिक आम्ल त्याच्यावर उपयोगी पडतं. उलट फाशीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या बीजाणूंना (कवचाआड सुप्त पडून राहणाऱ्या जिवाणूंना) यातल्या कशानंही फरक पडत नाही. प्रत्येक जंतूसाठी औषध, प्रमाण आणि वेळ असा तक्ता मुलांकडून हातानं लिहून घ्या. ‘वेळ’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा; फवारलं आणि लगेच पुसलं तर काहीही मरत नाही.

ब्लीचचं द्रावण जुनं झालं की ताकद जाते, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. बाटलीवर तयार केल्याची तारीख हवीच. चीनमधल्या लानझोऊ शहरात २०१९ साली ब्रुसेल्लाची (जनावरांचा गाभ पाडणाऱ्या आणि माणसाला ताप आणणाऱ्या जिवाणूची) लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, बाहेर सोडलेल्या हवेतून जिवाणू पसरले आणि १० हजारांहून जास्त लोकांना संसर्ग झाला. बाटलीवरची तारीख बघायला दोन सेकंद लागतात.

ऑटोक्लेव्हबद्दल, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात: १२१ अंश, १५ पौंड दाब, आणि कचऱ्याच्या पिशवीला जंतू वाढवायच्या माध्यमापेक्षा जास्त वेळ. रंग बदलणारी पट्टी फक्त तापमान पोचल्याचं सांगते. बीजाणू मेले का हे बघायला बीजाणूंची चाचणी-कुपीच लावावी लागते.

सांडलं तर

याची तालीम न सांगता घ्या. काम चालू असताना शिक्षकानं रंगीत पाण्याची नळी जमिनीवर पाडावी आणि घड्याळ लावावं.

बरोबर क्रम असा. ओरडून जोडीदाराला सांगा. श्वास रोखून बाजूला व्हा, माखलेला वरचा गाऊन आणि मोजे तिथंच उतरवा, बाहेर या, दार लावा, दारावर पाटी लावा, प्रमुखांना कळवा. हवेतले तुषार खाली बसेपर्यंत अर्धा तास आत कुणी जात नाही. मग पूर्ण पोशाखात परत जाऊन सांडलेल्यावर टीपकागद टाका, जंतुनाशक कडेकडून मधे ओता, ठरलेला वेळ थांबा, काचा चिमट्यानं उचला, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. कपाटाच्या आत सांडलं असेल तर कपाट बंद करायचं नाही, चालूच ठेवायचं.

पहिल्या तालमीत जवळजवळ प्रत्येक जण खाली वाकून पुसायला धावतो. घरी दूध सांडलं की आपण तेच करतो. ही सवय मोडायला वारंवार तालीम लागते, एका व्याख्यानानं होत नाही.

नमुना: गोठ्यातून प्रयोगशाळेपर्यंत

हे काम पशुवैद्यकाचं आहे. विद्यार्थ्यानं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात परवानगीनं सोबत राहून बघावं. लाळ्या-खुरकुताच्या संशयात जिभेवरच्या नुकत्या फुटलेल्या फोडाची त्वचा घेतात आणि ती ग्लिसरीन व बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) समप्रमाणात असलेल्या मिश्रणात, सामू सातच्या थोडा वर ठेवून, थंड पाठवतात. सामू का जपायचा, हे वरचा तक्ता लिहिलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. पॅकिंग तीन थरांचं: आतली न गळणारी नळी, भोवती पाणी शोषणारा कापूस, दुसरा न गळणारा डबा, बाहेर मजबूत खोका. कागदपत्रं नळीला गुंडाळायची नाहीत, दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवायची. जनावर अचानक मेलं आणि नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त आलं तर फाशीचा संशय घ्यायचा. ते जनावर फाडायचं नाही.

गाभ पडलेल्या गाई-म्हशीचा वार उघड्या हातानं ओढणं आपल्याकडे आजही चालतं. ब्रुसेल्ला तिथूनच हाताला येतो. मुलांनी आधी आपापल्या घरचं हे थांबवावं आणि दूध उकळूनच प्यावं.

सांगायला शिकवा

२०१० साली हार्बिनच्या कृषी विद्यापीठात तपासणीचा दाखला नसलेल्या चार शेळ्या प्रात्यक्षिकासाठी आणल्या आणि २७ विद्यार्थी व एका शिक्षकाला ब्रुसेल्लोसिस झाला. २००३ साली सिंगापूरमध्ये वेस्ट नाइल विषाणूवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला सार्स झाला. त्याच्या नमुन्यात दुसऱ्याच विषाणूची भेसळ झाली होती. दोन्हीकडे विद्यार्थ्यांनी स्वतः बेफिकिरी केली असं नाही. त्यांच्या वरच्यांनी जे तपासायचं ते तपासलं नव्हतं. म्हणून विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे हे शिक्षकानं कृतीतून दाखवावं: ‘मॅडम, या शेळ्यांचा दाखला कुठंय?’ असं विचारणाऱ्या मुलाला वर्गासमोर शाबासकी द्या.

सुई टोचली, मोजा फाटला, ताप आला, तर त्याच दिवशी सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा झाली की पुढचा कुणी सांगत नाही. खिशात एक कार्ड हवं, त्यावर ‘मी अमुक जंतूवर काम करतो’ आणि संस्थेचा चोवीस तासांचा नंबर. सुट्टीवर गावी आल्यावर ताप आला तर हे कार्ड डॉक्टरांना आधी दाखवायचं. ब्रुसेल्लाचा ताप टायफॉइड म्हणून उपचार होत आठवडे जातात.

आत गेल्यावर आणि अर्ज करताना

संस्थेत पहिले काही आठवडे फक्त बघणं, मग निरुपद्रवी जंतूवर तेच काम, मग अनुभवी माणसाच्या शेजारी बसून खरं काम, आणि प्रत्येक कृतीवर सही झाल्यावरच पुढं. एकट्यानं काम नाही. आतली वही बाहेर येत नाही. नोंदी आतल्या संगणकावरून पाठवतात. मोबाइलही नाही. त्यामुळे कमी शब्दांत, वाचता येईल असं लिहिण्याची सवय कॉलेजातच लावा.

वाटा दोन. बारावीनंतर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवी: महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची शिरवळ आणि उदगीरची कॉलेजं आपल्याला जवळची. पुढं एमव्हीएस्सी, पीएचडी. दुसरी वाट मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीची: एमएस्सी, मग ‘नेट’ ही पात्रता परीक्षा किंवा जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती. शिवाय भोपाळ, भुवनेश्वर, इज्जतनगर, हिसार, बेंगळुरूच्या संस्था प्रकल्पांसाठी थोड्या मुदतीच्या जागा आपापल्या संकेतस्थळांवर काढत असतात; एमएस्सी झालेल्यांनी त्या महिन्यातून दोनदा तरी बघाव्यात. अर्जासोबत गुणपत्रिकांखेरीज सरावाची वही जोडा, त्यात तारखा, केलेल्या तालमी, चुकलेलं काय आणि शिक्षकाची सही. मुलाखतीत घरी जनावरं आहेत का असं विचारलं तर खरं सांगा आणि किती दिवस लांब राहायची तयारी आहे तेही सांगा. सोलापूर स्टेशनवरून भोपाळला कर्नाटक एक्स्प्रेस आणि भुवनेश्वरला कोणार्क एक्स्प्रेस थेट जाते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोचेल असं तिकीट काढा.